परत विचारतील म्हणून

आमची गाडी मुळात टॅक्सी होती. पांढरी, जपानी, रियाधच्या रस्त्यांवर पार पिळून निघालेली. छोट्या मालकानं ती भंगारातून उचलून अल सुलैच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आणली आणि मला म्हणाला, "सदीक, इसको रेस का गाडी बनाओ." सदीक म्हणजे दोस्त, तिकडे कामगाराला अशीच हाक मारतात. मी हसलो. त्याला वाटलं मी खूश झालो. मी हसलो होतो ते त्याच्या अकलेला. दाराला हात लावला तर दार हातात येत होतं आणि हा म्हणे शर्यत खेळणार!

मी डेंटर. संगमेश्वरजवळच्या एका गावातून सौदीला गेलो, नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा. सुलै म्हणजे रियाधच्या कडेची गोदामं, ट्रकचे अड्डे, गॅरेजं आणि बारा महिने उडणारी धूळ. आमचं वर्कशॉप ट्रकचं. कोणाची केबिन चेपलेली, कोणाचा टँकर आडवा झालेला, ते ठोकून सरळ करायचं हे माझं काम. वर्कशॉपचे मालक असलेले म्हातारे गृहस्थ हेच आमचे कफील. म्हणजे आमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आमचा पासपोर्ट आणि त्या देशातलं आमचं उठणंबसणं त्यांच्या मुठीत. आम्ही आपसात त्यांना 'मोठे' म्हणायचो. छोटा मालक हा त्यांचा धाकटा मुलगा. परदेशात शिकायला गेला आणि शर्यतीचं वेड घेऊन परत आला.

त्या सुमारास रियाधबाहेर शर्यतीचा ट्रॅक झाला होता. तिथे हे लोक साध्या गाड्या पळवायचे. कंपनीतून निघते तशीच गाडी, फक्त आतल्या सीटा काढायच्या, दारं वेल्डिंगनं बंद करायची आणि उलटली तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा. त्यात दोन गट. खालच्या गटात आमच्यासारखे, भंगारातून आलेले. वरच्या गटात भारी गाड्या, जाहिराती रंगवलेले ट्रेलर, एकसारखे शर्ट घातलेली माणसं, आणि त्यांच्या शर्यती बाहरीनपर्यंत जायच्या. हंगामाच्या शेवटी खालच्या गटातले पहिले दोघे वर चढायचे. छोट्या मालकाला वर चढायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं त्याला.

टीम म्हणजे आम्ही तिघं. गाडी चालवणारा तो, पत्र्याचं नि वेल्डिंगचं बघणारा मी, आणि इंजिनला एक कोल्हापूरचा. हा कोल्हापूरकर माझा खोलीतला सोबती. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, तोंडावर बोलणारा. मला 'कोकण्या' म्हणून हाक मारायचा आणि मी मासे तळले की पहिला तवा रिकामा करायचा. शर्यतीचं सगळं काम शुक्रवारी, कारण बाकी दिवस ट्रक. आता शुक्रवार म्हणजे काय हे आखातात राहिलेल्यालाच कळेल. कपडे धुणं, दाढी, झोप, घरी फोन, सगळं त्या एका दिवसात. ते शुक्रवार आम्ही त्या टॅक्सीला दिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती हेही खरंच सांगतो. पहिला पिंजरा मी उभा केला, त्याचा सांधा न् सांधा हात फिरवून बघितला, आणि गाडी ट्रॅकवर उलटूनसुद्धा तो पोरगा खिडकीतून हसत बाहेर आला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ट्रकच्या केबिनी ठोकून असं कधी झालं नव्हतं.

दुपारी ट्रेलरच्या सावलीत एक मोठा थाळ यायचा, भाताचा आणि मटणाचा. मालक, मी, कोल्हापूरकर, तिघं मांडी घालून एकाच थाळात. छोटा मालक हातानं मटण सोडवून माझ्या पुढ्यात ढकलायचा. मी "बस, बस" म्हणायचो. तो म्हणायचा, "कुल, कुल." खा, खा. पुन्हा ढकलायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात याचा हात आहे.

एका शुक्रवारी असाच थाळ पुढ्यात असताना कोल्हापूरकरानं विषय काढला. आम्हा दोघांच्याही इकाम्यावर 'आमिल' लिहिलेलं, म्हणजे मजूर. मजुराला बायको-मुलं आणता येत नाहीत. कफीलानं मनावर घेऊन तिथे 'तंत्रज्ञ' करून घेतलं आणि आपला शब्द टाकला, की बहुतेक वेळा फॅमिली व्हिसा व्हायचा. छोट्या मालकानं ऐकून घेतलं. म्हणाला, "मेरे हाथ में नहीं. बाबा के हाथ में. ऊपर का ग्रुप में जाएगा, तो बाबा मजलिस में सबको पूछेगा, क्या चाहिए. वो पूछेगा तब बोलो. जो माँगेगा, मिलेगा." ही त्यांची पद्धत. म्हातारे आनंदात असले की चारचौघांत कामाच्या माणसाला जवळ बोलवायचे आणि माग म्हणायचे. चारचौघांत दिलेला शब्द ते मोडत नसत.

त्या दिवसापासून मी शर्यत माझ्यासाठी खेळायला लागलो. बायकोला फोनवर सांगितलं. तिनं रत्नागिरीला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची. फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत म्हणून स्टुडिओवाल्यानं तिचे केस मागे बांधले, त्यावरून तिनं रडून गोंधळ घातला. दोघींचे पासपोर्ट आले. बायकोनं एक लाल बॅगसुद्धा घेऊन ठेवली. "जड नाय, चाकांची हाय," फोनवर मला तिचं कौतुक सांगत होती. मी म्हटलं, जरा थांब, अजून गाडी वर चढायची आहे. ती म्हणाली, "चढंल. तुमचं काम मला म्हायत नाय काय?"

चढली. शेवटच्या शर्यतीच्या दोन फेऱ्या असायच्या. पहिल्या फेरीत कोणीतरी मागून अशी धडक दिली की डिकी आत शिरून पत्रा चाकाला घासायला लागला. मधल्या वेळेत साखळी घातली, दुसरं टोक पाण्याच्या टँकरला बांधलं, टँकरवाल्याला पुढे घे म्हटलं आणि पत्रा ओढून घेतला. उरलेला हातोड्यानं. कोल्हापूरकर ओरडत होता, "हाण, हाण, कोकण्या!" गाडी दुसरी आली. दुसऱ्यालाही वर जागा होती. छोटा मालक खिडकीतून बाहेर आला तो थेट माझ्या गळ्यात पडला, आणि मी तिथे धुळीत उभा राहून रडलो. तो समजला शर्यतीसाठी.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू नये. कोणाच्या घरी गेलं की पुढे केलेल्याला पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. पोटात कावळे ओरडत असले तरी "नको, आत्ताच झालं" म्हणायचं. मग समोरचा म्हणतो, "असं कसं, थोडं तरी घ्या." मग आपण अवघडून हात पुढे करायचा. पहिल्याच हाकेला 'आणा' म्हणणारा तो हावरट. आईनं हे मला मारून शिकवलं आहे. शेजारच्या घरी पहिल्या फटक्यात लाडू घेतला म्हणून घरी आल्यावर पाठीत धपाटे बसले होते. लाडूची चव आठवत नाही, धपाटे आठवतात. असं शिक्षण घेतलेला माणूस जगात कुठेही गेला तरी त्याच्या तोंडून पहिला शब्द 'नको' हाच निघतो.

वर चढल्याची मेजवानी मोठ्यांच्या घरी होती. भिंतीला टेकून तक्के मांडलेले, सगळे पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, आणि आम्ही दोघं धुतलेल्या शर्टांत दाराजवळ. गहवा आला, म्हणजे त्यांची कॉफी. त्यांचे ते बिनकानाचे छोटे कप, आणि ओतणारा उभाच. कप रिकामा झाला की तो भरतो. पुरे म्हणायचं असेल तर कप हातात हलवायचा, नाहीतर तो भरतच राहतो. मी तिथे बसून मनात म्हटलं, हे आपल्यासारखेच आहेत. यांनाही आग्रहाची जाण आहे.

मोठ्यांनी मला जवळ बोलावलं. छोट्या मालकानं माझं काम सांगितलं. टँकर, साखळी, उलटलेली गाडी, पिंजरा. पाहुणे माना हलवत होते. म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेतला आणि अरबीत काहीतरी म्हणाले, ते मुलानं सांगितलं, "बाबा बोलता है, माँगो. क्या चाहिए?"

खोलीतले सगळे डोळे माझ्यावर. दिवसातून दहादा घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि मी छातीवर हात ठेवून, मान खाली घालून म्हणालो, "कुछ नहीं बाबा, सब कुछ है. आपकी मेहरबानी."

मुलानं ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, आता. आता म्हणतील, असं कसं, माग. मी वाट बघत होतो. त्यांनी माझा हात थोपटला, पाहुण्यांकडे वळून 'माशाल्ला' म्हणाले, आणखी काहीतरी बोलले, सगळ्यांनी कौतुकानं हुंकार दिला. मग त्यांनी माझा हात सोडला आणि कोल्हापूरकराला बोलावलं.

त्यालाही तेच विचारलं. त्यानं ना छातीवर हात ठेवला ना मान खाली घातली. "बायको आणायची हाय," तो मराठीतच बोलून गेला, मग हिंदीत म्हणाला, "बीवी को लाना है. फॅमिली व्हिसा." म्हातारे हसले. मुलाला म्हणाले, करून टाक. इतकंच. आम्ही पुन्हा दाराजवळ येऊन बसलो आणि थाळ आले.

गाडीत बसल्यावर कोल्हापूरकर माझ्याकडे बघतच राहिला.

"आरं, तुला इच्यारलं की त्यांनी!"

"मला वाटलं परत विचारतील."

"परत? त्यो काय तुझा मामा हाय व्हय, घास भरवायला?" तो हसायला लागला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. म्हणाला, "उद्या जाऊन सांग. सांग, चुकून बोललो." त्यानं मनापासून सांगितलं होतं. पण त्या वेळी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली हेही तितकंच खरं.

मी गेलो. दुसऱ्या दिवशी नाही, धीर गोळा करून आठवड्यानं. छोटा मालक फोनवर होता. बोलणं संपवून त्यानं ऐकून घेतलं आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो नजर चुकवायला लागला. "सदीक, बाबा सब जगह तुम्हारा बात करता है. सब शेख लोग को बोलता है, मेरे पास एक हिंदी आदमी है, मैंने बोला माँगो, उसने कुछ नहीं माँगा. अभी मैं जाके क्या बोलूँ? उसका मुँह छोटा होगा." थांब म्हणाला, योग्य वेळ आली की बोलतो. ती योग्य वेळ त्याला कधी सापडली नाही. आणि मोठे? वर्कशॉपमध्ये आले की लांबून मला हात करायचे. एकदा एका पंजाबी ड्रायव्हरनं रजा वाढवून मागितली तर माझ्याकडे बोट दाखवून त्याला ऐकवलं, याच्याकडून शीक. तो ड्रायव्हर त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. समाधानी माणूस म्हणून माझी ख्याती झाली. मी आयुष्यात कधी इतका असमाधानी नव्हतो.

बायकोला मात्र मेजवानीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सांगितलं होतं. जे झालं ते तसंच.  

"त्यानी तुमाला विचारलानी, काय होवं?"

"हो."

"आनी तुमी नको बोललाव."

"अगो, पहिल्यांदा म्हणतात तसं म्हटलं..."

"म्हंजे आमी नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मग मुलीनं शेंगदाण्याची चिक्की शाळेत वाटली त्याबद्दल काहीतरी सांगून तिनं फोन ठेवला.

इकडे टीम वर चढली आणि वर चढली म्हणजे आमच्या डोक्यावरून गेली. वरच्या गटासाठी नवी गाडी आली, तिचा पिंजरा तयार, परदेशातून बसवून आलेला. तिच्याबरोबर एक लेबनानचा इंजिनियर आणि दोन माणसं आली. एकसारखे लाल शर्ट, पाठीवर कंपन्यांची नावं. कोल्हापूरकराला इंजिनसाठी ठेवला. इकाम्यावर आता तो तंत्रज्ञ होता, त्यामुळे बाहरीनलाही जाऊ शकत होता. मला काही काम नव्हतं. वरच्या गटात चेपलेला पत्रा ठोकत नाहीत, बदलतात. पहिल्या शर्यतीला मी हौसेनं गेलो. आत सोडायला गळ्यात पास लागतो म्हणाले. माझा नव्हता. मी जाळीबाहेरून बघितलं. दुपारी लाल शर्टवाल्यांना खोक्यांतून सँडविच वाटली, आणि छोटा मालक गाडीत बसूनच खात होता. कोल्हापूरकर जाळीपाशी आला, एक खोकं माझ्या हातात द्यायला लागला. मी नको म्हणालो. ते मात्र खरोखरचं नको होतं.

माझे शुक्रवार मला परत मिळाले. त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. फोन करायचो तर बायको मुलीला पुढे करायची.

कोल्हापूरकराची बायको आली. त्यांनी रियाधच्या बत्हा भागात दोन खोल्या घेतल्या. एका शुक्रवारी मला जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. त्या बाईनं दारातच माझं असं स्वागत केलं की जणू सख्खा दीर आलाय. वाटी रिकामी व्हायचा अवकाश, ती ओगराळं घेऊन उभी. मी "नको वहिनी" म्हटलं की, "आसं कसं भावजी, लाजू नका, घ्या की!" आणि वाटी भरलेली. चार वेळा तसं झालं. चारही वेळा मी नको म्हटलं आणि चारही वेळा तिनं वाढलं. कोल्हापूरकर माझ्याकडे बघत नव्हता, ताटातल्या कांद्याकडे बघत होता.  रस्सा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी सांगितलं. त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. आमच्यात भांडण असं काही झालं नाही, पण बोलणं संपत गेलं.

पुढे मोठे गेले. वर्कशॉप थोरल्या मुलाकडे आलं. त्याला ना शर्यतीत रस, ना माझ्या समाधानात. मी त्याच्याकडे सरळ गेलो आणि पहिल्याच वाक्यात मागितलं, फॅमिली व्हिसा हवा. शिकलो होतो तोवर. तो म्हणाला, "तुम तो वोही है ना, जिसको कुछ नहीं चाहिए?" त्याला चेष्टा करायची होती की खरंच विचारायचं होतं, मला कळलं नाही. मग म्हणाला, आता कायदे कडक झालेत, मजुराचा तंत्रज्ञ होत नाही, खलास.

त्याच माणसानं महिनाभरानं मला ती टॅक्सी कापायला सांगितली. ती वर्कशॉपच्या कुंपणाशी उभी होती, चाकं मातीत रुतलेली, आत कोणीतरी रिकामे डबे टाकलेले. जागा हवी होती त्याला. पत्रा पटकन निघाला. पिंजऱ्याला मात्र वेळ लागला, कारण सांधे माझेच होते. मी ते पक्के केले होते, आणि पक्कं केलेलं कापताना जी कटकट होते ती सगळी माझ्याच वाट्याला आली. थोरला दोनदा येऊन विचारून गेला, अजून झालं नाही का. त्या दिवशी मी ठरवलं, परत जायचं.

घरी आलो तेव्हा मुलगी नववीत गेली होती. ती दारात उभी राहून मला बघत होती, ओळखीच्या फोटोतला माणूस फोटोपेक्षा म्हातारा निघावा तशी. लाल बॅग माळ्यावर होती. तिच्यात गोधड्या भरून ठेवल्या होत्या.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी. इतक्या वर्षांत खोलीवर मी शंभरदा मासे शिजवले असतील, पण हे ते नव्हतं. वाढत होती मुलगी. बायको समोर भिंतीला टेकून बसलेली. दोन भाकऱ्या कधी संपल्या कळलंच नाही. मुलगी टोपली घेऊन आली.

"बाबा, भाकरी?"

"नको गो, पुरे," मी म्हटलं. आपोआप आलं तोंडातून.

"बरं," ती म्हणाली. टोपलीवर फडकं टाकलं आणि आत निघून गेली.

माझा हात ताटावरच राहिला. कालवण अर्धं होतं अजून. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. बहुधा बराच वेळ.

"मीच शिकवलंय तिला," ती म्हणाली. "एकदाच विचारायचं."

मी उरलेलं कालवण तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठलो.